बाबांचा दात आणि बाराशे मेगापास्कल

गेले दोन-तीन शनिवार इथे काही लिहिलं नाही. कारण एक दात. माझा नव्हे, बाबांचा.

तर झालं असं. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात माळ्यावरचा आकाशकंदील काढायला बाबा स्टुलावर चढले. वय वर्षं ७४. "तुम्ही थांबा, मी काढतो," असं मी म्हणालो खरा, पण ऑफिसच्या कॉलवरून न उठता म्हणालो. बाबा पडले. हाडं वाचली, चष्मा वाचला, आकाशकंदीलसुद्धा वाचला. वरचा, अगदी पुढचा दात मात्र अर्धा तुटून फरशीवर आला.

बाबांबद्दल थोडं सांगायला हवं. त्यांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. आणि ते हसतात. म्हणजे सगळेच हसतात, पण बाबांचं हसू सातमजली. आमची इमारत चारच मजली आहे, त्यामुळे वरचे तीन मजले वाया जातात ही गोष्ट वेगळी. जिन्यातून कोणी येत असेल तर आमची बेल वाजवण्याआधी त्याला कळतं की बाबा घरी आहेत.

रूट कॅनाल झालं आणि कॅप बसवायची वेळ आली. आमच्या डेंटिस्ट बाईंनी विचारलं, कॅप कशाची करायची? मेटल-सिरॅमिक, लिथियम डायसिलिकेट (म्हणजे ज्याला सगळे ई-मॅक्स म्हणतात ते), की झिर्कोनिया? मी म्हटलं, एक दिवस द्या. घरी आलो आणि आपल्या जमातीतला कुठलाही माणूस जे करेल तेच केलं. एक्सेल उघडलं.

तुलनेसाठी एक छान आकडा सापडला. वाकवून मोडायला किती ताण लागतो तो, मेगापास्कलमध्ये. साधं फेल्डस्पारचं पोर्सेलिन: १०० च्या आतबाहेर. ल्युसाइट नावाचे स्फटिक घातलेलं: १५० च्या आसपास. लिथियम डायसिलिकेट: ३५० ते ४०० च्या पुढे. झिर्कोनिया: ९०० ते १२००.

आता मला सांगा, तुम्ही काय निवडलं असतं?

डेंटिस्ट बाई म्हणाल्या, "पुढचा दात आहे, जरा दिसण्याचाही विचार करूया." मी म्हटलं, "मजबुती महत्त्वाची, परत पडले तर?" त्यांनी बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, "हा म्हणेल ते." रंग निवडतानाही मीच पुढे. त्यांच्याकडे ए-वन ते डी-फोर अशा सोळा नकली दातांची पट्टी असते. ए म्हणजे लालसर तपकिरीकडे झुकणारे, बी पिवळसर, सी राखाडी, डी लालसर राखाडी. मी म्हटलं, ए-टू घ्या, जरा उजळ बरा दिसेल.

कॅप आली. मापाला अचूक, मजबुतीला अजोड, आणि दिसायला... तोंडात कुणीतरी बाथरूमची टाइल बसवल्यासारखी. बाबा आरशात बघून "छान आहे" म्हणाले. डेंटिस्ट बाई मात्र म्हणाल्या, "मी हे तात्पुरत्या सिमेंटवर बसवते. पंधरा दिवस वापरून बघा." त्या वेळी मला ते उगाचच वाटलं होतं.

दिवाळी आली. फराळ झाला, पाहुणे झाले. भाऊबीजेच्या दिवशी सगळ्यांचा फोटो काढला तो बघून माझी मुलगी म्हणाली, "आजोबा रागावलेत का?" फोटोत बाबांनी ओठ घट्ट मिटले होते. मग माझ्या लक्षात यायला लागलं. हसू आलं की उजवा हात तोंडावर जायचा. पुढे पुढे हसूच येईना. सातमजली इमारतीचा नुसता तळमजला उरला. आणि या माणसाने मला एका शब्दाने सांगितलं नव्हतं, कारण दात मी निवडला होता ना!

फोन केला तर डेंटिस्ट बाई म्हणाल्या, "मी वाटच बघत होते. बाबांना घेऊन लॅबमध्ये जाऊन या. सकाळी जा, उजेड असताना."

दातांची लॅब म्हणजे काचेच्या नळ्या आणि पांढरे कोट असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. प्रत्यक्षात नारायण पेठेतल्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. फळीवर प्लास्टरचे जबडे, प्रत्येकावर पेन्सिलने नाव. टोस्टरएवढ्या दोन-तीन भट्ट्या. एका कोपऱ्यात स्कॅनर आणि दोन मॉनिटर, तिथे एक मुलगा माउसने दाढ फिरवत होता. खिडकीपाशी साठीचे एक काका, हातात चित्रकाराचा असतो तसला बारीक ब्रश.

मी आमची कॅप दाखवली आणि जरा तक्रारीच्या सुरातच बोललो. काकांनी चिठ्ठ्यांच्या खिळ्यातून एक चिठ्ठी काढून माझ्यापुढे धरली. "हे बघा काय लिहून आलंय. वय ७४, वरचा पुढचा, झिर्कोनिया, ए-टू. यात तुमचे वडील कुठे आहेत?"

मी गप्प. एका ओळीचं रिक्वायरमेंट पाठवून वर "असं कसं केलंत" म्हणणाऱ्या क्लायंटवर मी आजवर किती वैतागलोय, ते आठवलं.

मग पुढचे दोन तास काकांनी मला जे समजावलं, आणि नंतर घरी येऊन मी जे वाचलं, ते माझ्या भाषेत सांगतो.

सगळ्यात आधी, दाताची चिनीमाती ही चिनीमाती नव्हेच. कपबशीत तीन गोष्टी असतात: केओलिन म्हणजे खरी चिनीमाती, क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी, आणि फेल्डस्पार. केओलिनमुळे ओल्या लगद्याला आकार देता येतो, पण भाजल्यावर त्याच्यामुळे वस्तू अपारदर्शक होते. दातात तर उजेड थोडा आत शिरून परत बाहेर यायला हवा, तरच तो जिवंत वाटतो. म्हणून दाताच्या पोर्सेलिनमध्ये केओलिन जवळजवळ नसतोच. बहुतेक सगळा फेल्डस्पार. तो इतर खनिजांबरोबर वितळवायचा, तापलेला रस पाण्यात ओतायचा, तडकून त्याचे तुकडे झाले की दळायचे आणि रंगासाठी धातूंची ऑक्साइडं मिसळायची. म्हणजे ही पूड जातीने काचच. आमच्या काकांच्या ब्रशाला लागते ती हीच.

आता काच दिसायला सुंदर, पण तिच्यात एकदा तडा गेला की तो सरळ पळत सुटतो, वाटेत अडवणारं कोणी नाही. इथे मला लोणावळ्याची चिक्की आठवली. नुसत्या गुळाचा पापडीसारखा थर काडकन मोडतो. त्यात शेंगदाणे असले की तड्याला प्रत्येक दाण्याला वळसा घालावा लागतो. दातांच्या सिरॅमिक्सचे जवळपास सगळे प्रकार या एका प्रश्नाची उत्तरं आहेत: गूळ किती आणि दाणे किती? काच म्हणजे गूळ, स्फटिक म्हणजे दाणे. दाणे वाढवले की मजबुती वाढते. पण प्रत्येक दाण्याच्या कडेला उजेड विखुरतो, त्यामुळे सहसा वस्तू तेवढी अपारदर्शक, निर्जीव दिसते. फुकट काहीच मिळत नाही.

पहिला प्रकार साध्या पोर्सेलिनचा. गूळ भरपूर, दाणे थोडे. रूप सगळ्यात सुंदर, ताकद सगळ्यात कमी. त्याला आधार म्हणून खाली धातूची टोपी घालायची कल्पना आली, पण अडचण अशी की तापवल्यावर धातू जास्त प्रसरण पावतो आणि काच कमी. गरम भट्टीतून बाहेर काढून थंड होताना पोर्सेलिन तडकून निघायचं. १९६२ साली अमेरिकेत वाइनस्टाइन आणि सहकाऱ्यांना यावर पेटंट मिळालं. फेल्डस्पारमधला जो ल्युसाइट स्फटिक आहे, तो तापल्यावर भरपूर फुगतो. त्याचं प्रमाण नीट ठेवलं तर पोर्सेलिनचं प्रसरण सोन्याच्या मिश्रधातूच्या जवळ आणता येतं. अगदी बरोबरीला नाही, किंचित कमी. म्हणजे थंड होताना धातू जरा जास्त आकसतो आणि पोर्सेलिनला आवळून धरतो. काका म्हणाले, "बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून बसवतात ना, तसं. थंड झाली की धाव चाकाला घट्ट धरते." दाबाखाली असलेली काच सहजी तडकत नाही. बाबांची १९९० च्या दशकातली दाढेची कॅप याच जातीची आहे. हिरडीपाशी करडी रेघ दिसते, तो खालचा धातू. अजून ठणठणीत आहे.

दुसरा प्रकार लिथियम डायसिलिकेटचा, आणि त्याच्या मागे एक झकास बग आहे. १९५३ साली अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत डोनाल्ड स्टूकी नावाचे शास्त्रज्ञ लिथियमच्या काचेचा एक तुकडा भट्टीत ६०० अंशांवर तापवत होते. भट्टीचं नियंत्रण बिघडलं आणि तापमान ९०० वर गेलं. काचेचा लगदा झाला असणार म्हणून त्यांनी दार उघडलं, तर आत पांढरीशुभ्र, आकार न बदललेली पाटी. चिमट्यातून निसटून ती जमिनीवर पडली आणि फुटायच्या ऐवजी ठणकन वाजली. काचेच्या आत सूक्ष्म स्फटिकांची दाटी झाली होती. यालाच ग्लास-सिरॅमिक म्हणतात.

हे वाचून मला आईची नारळाची वडी आठवली. पाक असतो तोपर्यंत तो काचेसारखा, चिकट, पारदर्शक. घोटत राहिलं की एका क्षणी तो आळतो आणि वडी पडते. साखर तीच, फक्त आतली मांडणी बदललेली. लिथियम डायसिलिकेटमध्ये हा क्षण मुद्दाम हातात ठेवलेला असतो. मशीनवर कोरायचे ठोकळे अर्धवट आळलेल्या अवस्थेत येतात, निळ्या-जांभळ्या रंगाचे. तेव्हा ते मऊ असतात, कोरायला सोपे. दात कोरून झाला की भट्टीत ८५० अंशांच्या आसपास तापवायचा. आत लांबट, सुयांसारखे स्फटिक वाढतात, एकमेकांत अडकतात, आणि जांभळा रंग जाऊन दाताचा रंग येतो. सुमारे ७० टक्के दाणे, बाकी गूळ. मधला मार्ग.

तिसरा प्रकार झिर्कोनिया, माझ्या एक्सेलचा विजेता. इथे गूळच नाही, सगळे दाणेच दाणे. शिवाय या दाण्यांच्या अंगात एक युक्ती आहे. झिर्कोनियाचा स्फटिक जास्त तापमानाला एका रूपात असतो आणि थंड होताना दुसऱ्या रूपात जातो, तेव्हा तो ४-५ टक्के फुगतो. नुसता झिर्कोनिया त्यामुळे थंड होता होता फुटून जातो. पण त्यात थोडा इट्रिया मिसळला, साधारण ३ टक्के रेणू, तर स्फटिक आपल्या गरम रूपातच अडकून राहतात. मग कुठे तडा सुरू झाला की तिथले स्फटिक रूप बदलतात, फुगतात आणि तड्याला दोन्ही बाजूंनी दाबून धरतात. आपल्या भाषेत सांगायचं तर मटेरियलमध्येच ट्राय-कॅच लिहिलेला आहे! १९७५ साली ऑस्ट्रेलियातल्या तीन संशोधकांनी झिर्कोनियाच्या या गुणाबद्दल 'नेचर'मध्ये लिहिलं, तेव्हा शीर्षकच दिलं होतं, 'सिरॅमिक पोलाद?'

पक्का भाजलेला झिर्कोनिया कोरणं फार जिकिरीचं. म्हणून तो खडूसारखा अर्धाकच्चा असताना चकतीतून कोरतात आणि मग १५०० अंशांच्या आसपास काही तास भाजतात. भाजताना तो प्रत्येक बाजूने सुमारे २० टक्के आकसतो. म्हणून सॉफ्टवेअर आधीच दात तेवढा मोठा करून कोरतं. प्रत्येक चकतीवर तिच्या बॅचचा फॅक्टर छापलेला असतो, तो चुकला की दात चुकला. हे ऐकून मला फार बरं वाटलं, कारण हे दुखणं जुनं आहे. पॅरिसजवळच्या सां-जर्मेन-आं-ले गावात द्युशातो नावाचा एक औषधविक्रेता होता. हस्तिदंती कवळीला वास येतो म्हणून वैतागून १७७४ च्या सुमारास त्याने पोर्सेलिनची कवळी करवून घेतली. त्यालाही पुन्हा पुन्हा भाजून बघावं लागलं, कारण भट्टीत ती आकसायची. २५० वर्षांनी आपण त्याच आकसण्याला गुणक लावून बसलोय.

"मग माझा झिर्कोनिया टाइलसारखा का दिसतो?" मी विचारलं.

"तुम्ही बाराशे मागितले, बाराशे दिले," काका म्हणाले. "जास्त इट्रियाचा झिर्कोनियाही येतो आता. तो जरा पारदर्शक असतो, पण त्यात ती फुगायची युक्ती कमी होते, ताकदही उतरते. दाढेला मी स्वतः झिर्कोनियाच देतो, नीट पॉलिश करून. खरखरीत राहिला तर समोरचा दात घासून खातो. पण पुढच्या दाताला बाराशे कशाला? तुमचे बाबा दाताने नट उघडतात का?"

मला वाटलं होतं, काका आता मशीनच्या नावाने बोटं मोडतील. तसं काही झालं नाही. स्कॅनरवर त्यांचा पुतण्याच बसला होता. १९८५ साली झुरिकमध्ये म्योर्मान नावाच्या डेंटिस्टने आणि ब्रँडेस्टिनी नावाच्या इंजिनिअरने तोंडात कॅमेरा घालून तिथल्या तिथे पोर्सेलिनच्या ठोकळ्यातून तुकडा कोरून बसवला, तिथून ही गोष्ट सुरू झाली. काका म्हणाले, "दहापैकी आठ दात मशीनच करतं, आणि चांगले करतं. उरलेल्या दोनांसाठी मी."

बाबांचा दात त्या दोनांतला. काकांनी त्यांना खिडकीशी बसवलं. "आधी रंग, मग गप्पा. तोंड उघडं राहिलं की दात सुकतात आणि पांढरे दिसतात." पट्टी लावून बघितली. शेजारचा दात मुळाशी ए-थ्री-पॉइंट-फाइव्ह, मध्ये जरा उजळ, टोकाला करडा आणि पारदर्शक. वयाबरोबर वरचं कवच झिजतं आणि आतला पिवळसर भाग दिसायला लागतो. आणि त्या दातावर केसाएवढी एक उभी चीर, पन्नास वर्षांच्या चहाने तपकिरी झालेली.

"आता हसा," काका कॅमेरा घेऊन म्हणाले. बाबांनी ओठ मिटले.

"काय शिकवायचात?"

"भूगोल."

"अरे बाप रे. मी आठवीत नकाशात पुणं अरबी समुद्रात दाखवलं होतं. मास्तर म्हणाले, उद्या पोहत ये."

आणि बाबा हसले. सातही मजले. काकांनी पटापट चार फोटो काढले. मी खिडकीबाहेर बघायला लागलो, कारण तीन आठवड्यांनी तो आवाज ऐकत होतो.

दात असा झाला. लिथियम डायसिलिकेटचा, पण मशीनवर न कोरता ओतलेला. आधी मेणाचा दात हाताने घडवायचा, त्याभोवती साचा, मग भट्टीत मेण वितळून जाळून टाकायचं. आपल्याकडे धातूच्या मूर्ती ओततात तीच रीत. उरलेल्या पोकळीत ९०० अंशांच्या वर मऊ झालेली वडी दाबून भरायची. त्या गाभ्याची पुढची बाजू थोडी कमी केलेली, आणि तिथे पोर्सेलिनचे थर. एका शनिवारी मी मुद्दाम बघायला गेलो. पूड पाण्यात कालवून ब्रशने थर लावायचा, टिपकागदाने पाणी टिपायचं, परत थर. आकसणार म्हणून दात आधी बेढब मोठा. भट्टीच्या दाराशी आधी हळूहळू सुकवायचा, नाहीतर वाफेने थर फुटतो. मग निर्वात करून भाजायचा, म्हणजे हवेचे बुडबुडे राहून तो धुरकट होत नाही. शेवटी काकांनी सगळ्यात बारीक ब्रश घेतला आणि पुढून एक उभी तपकिरी रेघ ओढली.

"नव्या दाताला तडा कशाला?" मी न राहवून विचारलं.

"शेजाऱ्याला आहे ना," काका म्हणाले आणि दात भट्टीत ठेवला.

बसवतानाही एक फायदा झाला. या जातीत काच असते, त्यामुळे आतली बाजू हायड्रोफ्लोरिक आम्लाने किंचित खाऊन खडबडीत करता येते आणि रेझिनचं सिमेंट त्या खड्ड्यांत पकड घेतं. झिर्कोनियात खायला काचच नसते, त्याला चिकटवायचे उपाय वेगळे. टाइल काढून नवा दात बसला. ताकद म्हणाल तर साधारण ४०० मेगापास्कल, वरच्या थराची त्याहून कमी. माझ्या एक्सेलमध्ये हा दात हरला होता.

बाबांनी आरशात बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "कुठला नवा?"

परवा रात्री जेवताना मुलीने शाळेतला काहीतरी विनोद सांगितला. बाबांना हसू आलं, सवयीने हात वर निघाला, अर्ध्यावर थांबला आणि पुन्हा ताटाकडे गेला. वरच्या मजल्यावरच्या काकू सकाळी जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "काल काय होतं तुमच्याकडे?"

असो. तुमच्यापैकी कोणी आईबाबांसाठी कॅप निवडत असाल तर एवढंच सांगतो. दाढ असेल तर खुशाल मजबुती बघा. पुढचा दात असेल तर लॅबला एक फोटो पाठवा, हसतानाचा, दिवसाउजेडी काढलेला. आणि निवडण्याआधी ज्याचा दात आहे त्याला विचारा. "हा म्हणेल ते" असं उत्तर आलं तर परत एकदा विचारा, कॉलवरून उठून.